खान्देशातून भूमध्य समुद्रात: पहिल्या क्रूझची तयारी

जळगाव-भुसावळच्या माणसाला उन्हासाठी परदेशी जायची गरज नाही. मे महिन्यात तापीकाठी पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा आपल्याला सावली हवी असते. क्रूझच्या जाहिराती मात्र उन्हाचंच कौतुक करतात, कारण त्या मुळात थंड देशांतल्या लोकांसाठी केलेल्या असतात. आपल्याला तिथून मिळतं ते वेगळंच: डोळे पोहोचतील तिथवर समुद्र, दगडी गल्ल्यांची जुनी शहरं, बेटं, आणि रोज हॉटेल न बदलता एका आठवड्यात तीन-चार देश. म्हणून निवडण्याची रीतही वेगळी असायला हवी. जहाजावर किती तलाव आणि किती घसरगुंड्या आहेत ते नंतर बघा. आधी बंदरं बघा, आणि प्रत्येक बंदरात हातात किती तास पडतात ते मोजा. पुढचं सगळं त्या हिशेबावर अवलंबून आहे.

आधी मार्ग ठरवा

नवख्या माणसासमोर साधारण दोन वाटा असतात. पश्चिमेकडची सात रात्रींची फेरी बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ, चिव्हितावेक्किया, नेपल्स, पालेर्मो, माल्टाचं व्हॅलेटा अशा बंदरांतल्या काहींना जोडते. पूर्वेकडची फेरी अथेन्सजवळच्या पिरियसहून मिकोनोस, सॅन्टोरिनी, ऱ्होड्स आणि बऱ्याचदा तुर्कस्तानातल्या कुशादासीला जाते. पश्चिमेकडे शहरं जास्त, पूर्वेकडे बेटं जास्त.

आता माहितीपत्रक नीट वाचा. तिथे ‘रोम’ लिहिलेलं असलं तरी जहाज रोमला जात नाही, कारण रोमला मोठ्या जहाजांचं बंदरच नाही. ते चिव्हितावेक्कियाला लागतं आणि तिथून रोम ७० किलोमीटरच्या वर आहे. ‘फ्लॉरेन्स’ लिहिलं असेल तर जहाज लिव्होर्नो किंवा ला स्पेझियाला उभं राहतं, आणि लिव्होर्नोहून फ्लॉरेन्स सुमारे ९० किलोमीटर. व्हेनिसचं तर आणखी वेगळं. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या क्रूझ जहाजांना सेंट मार्क चौकासमोरच्या पाण्यातून जायला बंदी आहे, त्यामुळे ‘व्हेनिस’च्या नावाखाली जहाज मार्घेरा, रावेन्ना किंवा त्रिएस्ते यांपैकी कुठेही लागू शकतं. बुकिंग करण्याआधी एजंटला प्रत्येक बंदराचं खरं नाव विचारा आणि ते नकाशावर स्वतः बघा.

मग एक वही घ्या. प्रत्येक बंदरापुढे तीन गोष्टी लिहा: जहाज कधी लागतं, परत चढायची शेवटची वेळ कोणती, गावाचा मध्य किती लांब. नेपल्स, पालेर्मो आणि व्हॅलेटा इथे जहाजातून उतरलं की गाव समोरच असतं. व्हॅलेटात तर बंदराजवळून ५८ मीटर उंचीची लिफ्ट थेट वरच्या बराक्का बागेत नेते, आणि तिथून खालचं ग्रँड हार्बर दिसतं. आई-वडील सोबत असतील, परदेशात पहिल्यांदाच जात असाल, तर अशी बंदरं जास्त असलेली पश्चिमेची फेरी घ्या असं मी ठामपणे सांगेन.

महिना कोणता? मुलांच्या शाळा असतील तर मे. आपल्याकडे भट्टी पेटलेली असते तेव्हा तिकडे हवा २०-२५ अंशांच्या आसपास, चालायला सुखाची. मात्र मेमध्ये पाणी अजून गार असतं, पोहायची हौस असेल तर सप्टेंबर बरा. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपातल्या लोकांच्या स्वतःच्या सुट्ट्या असतात. गर्दी आणि भाव दोन्ही वाढतात, आणि उन्हात रांगेत उभं राहायचं असेल तर ते आपल्याकडेही आहेच.

घरातल्या कुणाला समुद्राची धास्ती असेल तर आधी मुंबईहून छोटी क्रूझ करा. कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा दोन ते पाच रात्रींच्या फेऱ्या करत आलं आहे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा या बाजूच्या फेऱ्या बंद असतात. खान्देशातून हे सोयीचंही पडतं. रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी सीएसएमटी, आणि तिथून बॅलार्ड पिअरचा धक्का टॅक्सीने अगदी थोड्या अंतरावर. लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, तो कंपनीकडून कसा मिळणार ते बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. तिथून प्रवाळाचा तुकडासुद्धा उचलून आणायचा नाही, तो कायद्याने गुन्हा आहे.

कागदपत्रं: इथे घाई चालत नाही

पासपोर्टसाठी आता नाशिक किंवा मुंबई गाठायला नको, जळगावला पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. व्हिसासाठी पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला असावा लागतो, युरोपातून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा असावा लागतो आणि त्यात दोन कोरी पानं लागतात. नावाची गोष्ट फार महत्त्वाची. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, आधारवर वेगळं असतं, लग्नाआधीचं आडनाव कुठेतरी राहून गेलेलं असतं. विमान, क्रूझ आणि विमा, तिन्हीकडे पासपोर्टवर आहे तेच नाव, तसंच स्पेलिंग घालायचं.

इटली, स्पेन, फ्रान्स, ग्रीस, माल्टा, क्रोएशिया हे सगळे शेंगेन गटात आहेत, म्हणून एकच व्हिसा पुरतो. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? ज्या देशात सर्वांत जास्त दिवस जाणार त्या देशाकडे, आणि दिवस सारखेच असतील तर ज्या देशात पहिलं पाऊल पडणार त्याच्याकडे. फेरीत ट्युनिशिया, तुर्कस्तान किंवा माँटेनेग्रो असेल तर तुम्ही मधेच शेंगेनबाहेर जाऊन परत आत येता. तेव्हा व्हिसा ‘मल्टिपल एन्ट्री’चाच मागा, आणि त्या देशाचे भारतीयांसाठीचे नियम वेगळे तपासा. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. कायद्याने पंधरा दिवस आधीपर्यंत चालतो, पण उन्हाळ्यात भेटीच्या वेळाच मिळत नाहीत, म्हणून तीन-चार महिने आधी हालचाल करा. बोटांचे ठसे द्यायला सहसा मुंबईला जावं लागतं. किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे, आणि पंचावन्न-साठीच्या पुढच्यांनी त्यात जुन्या आजारांचं काय म्हटलंय ते ओळ न् ओळ वाचावं.

शेतकरी कुटुंबांना व्हिसाच्या कागदांची फार काळजी वाटते. यावल-रावेरकडचे लोक विचारतात, पगाराची स्लिप नाही, मग काय जोडायचं? सातबारा आणि आठ-अ चे उतारे इंग्रजी भाषांतरासह जोडा. केळीच्या किंवा कापसाच्या हिशेबपट्ट्या, बँकेचं गेल्या काही महिन्यांचं स्टेटमेंट, विवरणपत्र भरत असाल तर त्याच्या प्रती हेही द्या. खात्यात अर्जाच्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम आलेली दिसली तर शंका येते, म्हणून माल विकून आलेली रक्कम असेल तर तिची पट्टी सोबत लावा. शेती म्हणजे परत यायला भक्कम कारण आहे, ते एका छोट्या पत्रात सरळ शब्दांत लिहा.

केबिन आणि खरा खर्च

जाहिरातीतला आकडा बहुधा दोघांच्या केबिनमधल्या एका माणसाचा असतो. एकटा जाणाऱ्याला बऱ्याचदा दुसऱ्या माणसाचे बरेचसे पैसे भरावे लागतात. त्या आकड्यावर बंदराचे कर, रोजची सेवेची रक्कम, पेयं, वायफाय, किनाऱ्यावरच्या सहली, विमान, व्हिसा, विमा आणि एक दिवस आधीचं हॉटेल चढतं. एजंटकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस हा आगाऊ करही कापला जातो, तो पुढे विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून त्याचा दाखला मागून ठेवा. हे सगळं एका कागदावर मांडल्याशिवाय स्वस्त-महाग ठरवू नका.

केबिनचे ढोबळ प्रकार तीन: आतली बिनखिडकीची, खिडकीची आणि बाल्कनीची. रोज नवं बंदर असलेल्या फेरीत तुम्ही दिवसभर बाहेर असता, बाल्कनीत बसायला वेळच उरत नाही. तो पैसा किनाऱ्यावर खर्च केलेला बरा. पण बिनखिडकीच्या केबिनमध्ये काही लोकांचा जीव घाबरतो, तेव्हा खिडकीची घ्या. जागा जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर मागा, तिथे हेलकावे सर्वांत कमी लागतात. चौघांच्या केबिनमधल्या वरच्या दोन बर्थवर शिडीने चढावं लागतं. आजीला तिथे झोपवायचा बेत करू नका.

बॅगेत काय

इस्त्री, पाण्याची किटली, रॉड, इंडक्शन यांतलं काहीही जहाजावर चालत नाही. मेणबत्ती, अगरबत्ती, कापूर, निरांजनही नाही. समुद्रावर आगीइतकं भय दुसऱ्या कशाचं नसतं, त्यामुळे सामान तपासून या वस्तू काढून ठेवतात. देवाची तसबीर खुशाल न्या, दिवा घरच्यांना लावायला सांगा.

खाऊबद्दल युरोपचा नियम कडक आहे. बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, खवा, तूप घरीच. ताज्या फळांनाही बहुतेक प्रमाणपत्र लागतं, मात्र पाच फळांना सूट आहे: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी! आपल्या केळीला ही मोकळीक आहे हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. प्रवासात केळी चिरडतात, म्हणून व्यवहारात वेफर्सच बरे. पाकीटबंद कोरडा खाऊ आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी नीट सील करून न्या. जहाजावरचं खाणं मात्र पिशवीत घालून किनाऱ्यावर नेऊ नका, अनेक बंदरांत त्याला बंदी असते.

खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे रोज जवळ ठेवा, नाहीतर व्हॅटिकनच्या सेंट पीटर्समध्ये आत सोडत नाहीत. पायात वापरून सैल झालेले बूट. नवे बूट त्या दगडी गल्ल्यांवर पहिल्याच दिवशी पाय सोलून काढतात. मोठी बॅग धक्क्यावर दिली की केबिनपर्यंत पोहोचायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, चार्जर आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत असावेत.

चढण्याचा दिवस

जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी त्या शहरात पोहोचा. यात तडजोड नको. मुंबईहून बार्सिलोना किंवा जेनोआला जाताना मधे विमान बदलावं लागतं, एखादं विमान चुकलं तर जहाज थांबत नाही.

ऑनलाइन चेक-इन घरूनच करून ठेवा. धक्क्यावर तुम्हाला एक कार्ड मिळतं. केबिनचं कुलूप, खरेदीचे पैसे आणि जहाजावर परत येण्याचं ओळखपत्र, सगळं त्याच कार्डावर चालतं. मागे क्रेडिट कार्ड जोडलेलं असतं किंवा रोख अनामत ठेवावी लागते. काही जहाजांवर पासपोर्ट स्वागतकक्षात जमा करून घेतात, घाबरू नका, पण पहिल्या पानाची आणि व्हिसाची छायाप्रत रोज खिशात ठेवा.

मग सुरक्षेची कवायत. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, हा धोक्याचा इशारा. तुमचं जमण्याचं ठिकाण कार्डावर किंवा केबिनच्या दारामागे लिहिलेलं असतं. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या जिलियो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळलं आणि ३२ माणसं गेली. त्यात नुकत्याच चढलेल्या अनेकांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी कवायत करणं बंधनकारक झालं. कंटाळा येतो म्हणून केबिनमध्ये बसून राहू नका. केबिनपासून त्या जागेपर्यंत एकदा जिन्याने चालून या, कारण खऱ्या प्रसंगी लिफ्ट वापरायची नसते.

आणि फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका. भर समुद्रात फोन जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडतो, आणि नेहमीचा परदेशी रोमिंग पॅक त्याला बहुधा लागू नसतो. एका व्हिडिओ कॉलचं बिल डोळे पांढरे करील. घरच्यांशी बोलायचं ते बंदरात उतरल्यावर.

बंदरातला दिवस कसा काढायचा

चिव्हितावेक्कियाचाच दिवस घेऊ. समजा जहाज सकाळी सातला लागलं आणि परतायची शेवटची वेळ साडेपाच आहे. कागदावर साडेदहा तास दिसतात. उतरण्याच्या रांगेत अर्धा-पाऊण तास जातो. धक्क्यावरून बंदराची बस लार्गो देल्ला पाचे या चौकात सोडते, तिथून रेल्वे स्टेशन आणखी पुढे. साधी लोकल गाडी रोमला तासाभराहून थोड्या कमी-जास्त वेळात नेते, आणि व्हॅटिकन बघायचं असेल तर टर्मिनी या मुख्य स्टेशनपर्यंत न जाता आधीच्या सान पिएत्रो स्टेशनवर उतरावं, तिथून चालत जाता येतं. म्हणजे दहाच्या सुमाराला तुम्ही सेंट पीटर्सच्या चौकात. परतीची गाडी अशी पकडायची की ती रद्द झाली तरी मागची मिळावी, म्हणजे रोममधून अडीचला निघायचं. हातात राहिले साडेचार तास. त्यात सेंट पीटर्स आणि एखादी निवांत गल्ली होते, किंवा कोलोसियम होतं. दोन्ही करायला गेलात तर दिवस नुसता धावण्यात जातो. बुकिंगआधी वहीत तास लिहायला सांगितले ते याचसाठी.

जहाजाची सहल घ्यावी की स्वतः जावं? जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढच्या बंदरात पोहोचवायची जबाबदारी कंपनी घेते. स्वतः गेलात तर ती तुमची. माझा नियम सोपा आहे. गाव लांब असेल तर जहाजाची सहल, गाव समोर असेल तर स्वतःचे पाय. नेपल्सहून इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं पॉम्पेई लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत गाठता येतं, दोन-चार जण मिळून सहज जमतं. त्या गाडीत आणि बार्सिलोनाच्या रांब्ला या गर्दीच्या रस्त्यावर पाकीट पुढच्या खिशात ठेवा, पर्स छातीशी.

घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, फोनची वेळ देश बदलला की आपोआप बदलते. रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम येतो, त्यात बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. त्याचा फोटो काढूनच उतरायचं.

सॅन्टोरिनीला जात असाल तर तिथे जहाज धक्क्याला लागत नाही. छोट्या बोटी तुम्हाला कड्याच्या पायथ्याशी सोडतात आणि वरचं फिरा गाव केबल कारने किंवा जवळपास ६०० पायऱ्या चढून गाठायचं. सप्तशृंगीच्या गडावर पायी चढणाऱ्याला त्या पायऱ्या जड जाणार नाहीत, पण वर सावली नाही आणि वाटेत गाढवं येत-जात असतात. दुपारी खाली यायच्या केबल कारची रांग तासाच्या वर जाते, म्हणून शेवटच्या बोटीच्या दोन तास आधी रांगेत लागा. जुलै २०२५ पासून ग्रीसने क्रूझ प्रवाशांवर शुल्क लावलं आहे, सॅन्टोरिनी आणि मिकोनोसला भर हंगामात माणशी २० युरो.

खाणं

शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच लेखी कळवा, आणि पहिल्या संध्याकाळी जेवणघराच्या प्रमुखाला भेटून पुन्हा सांगा. युरोपी कंपन्यांच्या जहाजांवर भात, भाज्या, पास्ता, पिझ्झा, फळं कायम असतात, पण त्यांत चिकनचा रस्सा नाही ना हे विचारावंच लागतं. सूपचं तर नक्की विचारा.

किनाऱ्यावर मात्र खान्देशी माणसाची चैन आहे, कारण या समुद्राभोवतीचे लोक वांग्यावर आपल्याइतकंच प्रेम करतात. पालेर्मोत कापोनाता मागा: तळलेलं वांगं, टोमॅटो, ऑलिव्ह, थोडी साखर आणि व्हिनेगर. ग्रीसमध्ये मेलिझानोसालाता मागा. विस्तवावर भाजलेलं वांगं, लसूण, लिंबू आणि ऑलिव्हचं तेल, ब्रेडबरोबर खायचं. भरीत-पुरीवर वाढलेल्या जिभेला त्यात हिरव्या मिरचीची उणीव भासेल, बाकी भाजल्याचा वास ओळखीचाच. नेपल्सचा मारिनारा पिझ्झा टोमॅटो, लसूण आणि ओरेगानोचा, त्यावर चीजसुद्धा नसतं. इटलीत ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’ एवढं म्हणा, म्हणजे मांस नको, मासे नकोत.

बोट लागली तर

मोठ्या जहाजांना हेलकावे कमी करणारे पंख असतात, त्यामुळे उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात फारसा त्रास होत नाही. ज्यांना कन्नडचा घाट उतरताना गाडी लागते त्यांनी मात्र आधीच डॉक्टरांकडून गोळी लिहून घ्यावी. अशा बहुतेक गोळ्या मळमळ सुरू होण्याआधी घ्यायच्या असतात, आणि त्यांनी झोप येते. त्रास सुरू झालाच तर केबिनमध्ये पडून राहू नका. मधल्या डेकवर मोकळ्या हवेत या, क्षितिजाकडे बघत बसा, कोरडं काहीतरी थोडं खा. उपाशीपोटी मळमळ वाढते.

उतरताना

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगांना रंगीत टॅग लावून त्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्याआधी सकाळचे कपडे, औषधं आणि पासपोर्ट बाहेर काढलेत का ते बघा. त्याच रात्री बिल तपासा. न घेतलेलं पेय किंवा न काढलेला फोटो त्यात दिसला तर लगेच स्वागतकक्षात जा, सकाळी तिथे मोठी रांग असते. परतीचं विमान दुपारनंतरचंच घ्या, जहाज वेळेवर लागलं तरी उतरायला वेळ जातो.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, क्रूझ मात्र त्याच्या कितीतरी आधी ठरलेली असते. म्हणून ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि मुंबईला विमान सकाळी उतरणार असेल तरी जळगाव-भुसावळकडची दुपारची सोडून रात्रीची गाडी धरा. नंदुरबारकरांना सुरतमार्गे जायचं असेल तर तेही त्याच वेळी पक्कं करा.